मानवशास्त्रीय संग्रहालयातील मार्गदर्शित फेरी : एका मौखिक संहितेचा विचार

१

संग्रहालयातील वस्तू आणि त्यांची मांडणी हे दोन विषय अभ्यासकांच्या नेहमीच्या परिचयाचे आहेत. त्या वस्तूंसमोर प्रेक्षकांना उभे करून जे बोलले जाते, त्याची मात्र स्वतंत्र रचना म्हणून फारशी चिकित्सा झालेली नाही. मार्गदर्शक बोलतो, प्रेक्षक ऐकतात, आणि तासाभराने ते बोलणे विरून जाते. त्याची संहिता बहुधा कोठे नोंदलेली नसते. त्यामुळे ते केवळ माहिती पुरविण्याचे साधन होय असा समज रूढ झाला आहे. वस्तुतः मार्गदर्शित फेरीला आरंभ असतो, क्रम असतो, विरामस्थाने असतात, ठरलेले विनोद असतात आणि शेवटही असतो. कोणत्या वस्तूपाशी थांबावयाचे, कोणती ओलांडून पुढे जावयाचे, कोणती हकीकत हसत सांगावयाची आणि कोणती आवाज उतरवून, याची निवड प्रत्येक फेरीत झालेली असते. जेथे निवड आणि क्रम आहेत तेथे रचना आहे, आणि रचना म्हटली की तिच्या गुणदोषांचा विचार करणे हे समीक्षेचे कामच होय.

आजच्या स्वरूपातील ही रचना फार जुनी नाही. प्रेक्षकांना वस्तू समजावून सांगणाऱ्या व्यक्तीसाठी बोस्टनच्या ललितकला संग्रहालयाने १९०७ साली 'डोसंट' ही संज्ञा रूढ केली. लॅटिनमधील 'शिकविणे' या अर्थाच्या क्रियापदावरून ती आलेली आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पहिला अधिकृत मार्गदर्शक-व्याख्याता १९११ साली नेमला गेला. शिक्षणाचा प्रसार आणि सामान्य जनतेला संग्रहालयांची दारे मोकळी होणे, या दोन घटनांतून हा व्यवसाय जन्मास आला असे म्हणावयास हरकत नाही.

मराठी वाचकाला मात्र या प्रकाराची ओळख निराळ्या वाटेने झालेली आहे. तीर्थक्षेत्री क्षेत्रोपाध्याय यात्रेकरूला ज्या क्रमाने फिरवितो त्या क्रमालाच अर्थ असतो. महानुभावांच्या स्थानपोथीत श्रीचक्रधरांच्या वास्तव्याच्या स्थळांची नोंद इतक्या बारकाईने केलेली आहे की ती पोथी हाच एक वाटाड्या होय. परंतु या साम्यामुळे दोहोंतील मूलभूत भेद नजरेआड होता कामा नये. क्षेत्रोपाध्याय आपल्याच देवाविषयी आपल्याच लोकांशी बोलत असतो. मानवशास्त्रीय संग्रहालयातील मार्गदर्शक दुसऱ्यांच्या देवांविषयी, दुसऱ्यांच्या मृतांविषयी आणि दुसऱ्यांच्या घरादारांविषयी बोलतो. आणि ज्यांच्याविषयी तो बोलतो ते लोक त्या वेळी बहुधा समोर नसतात. या अनुपस्थितीतूनच या वाणीच्या गुणदोषांचा प्रश्न उभा राहतो. त्याच्या विचारासाठी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाचे उदाहरण सर्वांत सोयीचे आहे. कारण तेथे वास्तू, मांडणी आणि वाणी या तिन्ही गोष्टी एकमेकींशी फार घट्ट बांधलेल्या आहेत.

२

पिट रिव्हर्स संग्रहालयात रस्त्यावरून सरळ प्रवेश करता येत नाही. १८६० साली उघडलेल्या विद्यापीठाच्या निसर्गेतिहास संग्रहालयाच्या दालनातून, प्राण्यांच्या सांगाड्यांच्या रांगा ओलांडून, प्रेक्षक मागच्या बाजूच्या दाराशी पोहोचतो. ज्या वास्तूत त्याच १८६० साली हक्स्ली आणि बिशप विल्बरफोर्स यांचा उत्क्रांतिवादावरील प्रसिद्ध वाद झाला, तीच ही वास्तू. तेथून एका दाराने आत शिरताच पशूंची सृष्टी संपते आणि मनुष्यनिर्मित वस्तूंची सुरू होते. मार्गदर्शकाने तोंड उघडण्यापूर्वीच वास्तूने आपले पहिले वाक्य उच्चारलेले असते : जी रांग सांगाड्यांपासून सुरू झाली तीच पुढे भाले, होड्या आणि मुखवटे यांच्यापर्यंत आली आहे.

हा अर्थ प्रेक्षकाने कल्पिलेला नव्हे. संग्रहाचे दाते जनरल ऑगस्टस हेन्री लेन फॉक्स पिट-रिव्हर्स (१८२७-१९००) हे लष्करी अधिकारी होते आणि बंदुकांच्या सुधारणेचा अभ्यास करता करता वस्तूंच्या क्रमशः विकासाची कल्पना त्यांच्या मनात रुजली. १८८४ साली त्यांनी बावीस हजारांहून अधिक वस्तू विद्यापीठास दिल्या. मानवशास्त्राच्या अध्यापनाची सोय व्हावी आणि मांडणीचे मूळ तत्त्व मोडले जाऊ नये, अशा त्या देणगीमागील अटी होत्या. त्यांतील पहिलीनुसार एडवर्ड टायलर यांच्याकडे अध्यापन आले. दुसरीचा परिणाम आजही डोळ्यांनी दिसतो. येथे वस्तू देशांप्रमाणे लावलेल्या नाहीत. सर्व बासऱ्या एका ठिकाणी, सर्व कुलुपे एका ठिकाणी, अग्नी निर्माण करण्याची सर्व साधने एका ठिकाणी, अशी ही प्रकारानुसारी मांडणी आहे. आफ्रिकेतील वस्तूशेजारी जपानची आणि तिच्याशेजारी इंग्लंडच्या खेड्यातील वस्तू नांदते.

या मांडणीमागे जनरलसाहेबांचा एक सिद्धान्त होता. १८७५ च्या त्यांच्या व्याख्यानासोबतच्या एका आकृतीत मध्यभागी एक साधी काठी असून तिच्यापासून चहूकडे सोटे, बूमरँग, ढाली आणि भाले क्रमाक्रमाने विकसित होत गेलेले दाखविले आहेत. ती सर्व हत्यारे ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांची आहेत, आणि ती परस्परांशी समकालीन होती, ही गोष्ट विसरता येत नाही. एकाच काळातील वस्तूंना काळाच्या पायऱ्यांवर बसविले म्हणजे त्या वस्तू वापरणारे जिवंत लोक आपोआप भूतकाळात ढकलले जातात. या क्रमविकासातून जनतेने कोणता बोध घ्यावा हेही जनरलसाहेबांनी १८९१ च्या व्याख्यानात स्पष्ट केले होते : निसर्गाप्रमाणे इतिहासही उडी मारीत नाही, हे सामान्य माणसाला वस्तूंच्या द्वारे पटले की तो क्रांतीच्या विचारांना बळी पडणार नाही. म्हणजे ही मांडणी जशी परक्या समाजांविषयी होती तशीच ती इंग्लंडमधील कामकरी वर्गालाही उद्देशून होती.

या पद्धतीवरील मूलगामी आक्षेप फ्रान्झ बोआस यांनी १८८७ सालीच नोंदविला. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयातील मांडणीविषयी ओटिस मेसन यांच्याशी झालेल्या वादात त्यांनी दाखवून दिले की दोन वस्तू दिसावयास सारख्या असल्या म्हणून त्यांची कारणे सारखी असतात असे नाही. एक खुळखुळा तान्ह्या मुलाच्या करमणुकीसाठी असेल, तर दुसरा धर्मविधीतील वाद्य असेल. दोन्ही एका कपाटात ठेवले की आकार तेवढा शिल्लक राहतो आणि अर्थ नाहीसा होतो. बोआस यांचा हा आक्षेप मानवशास्त्रात पुढे मान्य झाला. तथापि पिट रिव्हर्समधील कपाटे तशीच राहिली, आणि १८९१ पासून १९३९ पर्यंत अभिरक्षक असलेल्या हेन्री बालफोर यांच्या कारकिर्दीत ती अधिकच भरत गेली. आज तेथे वस्तू, छायाचित्रे आणि हस्तलिखिते मिळून पाच लाखांहून अधिक नग आहेत. ज्या सिद्धान्तासाठी ही मांडणी झाली तो सिद्धान्त टाकून दिलेला, पण मांडणी मात्र कायम, अशा वास्तूत मार्गदर्शकाला बोलावयाचे असते.

३

अशा ठिकाणी मार्गदर्शकाचा पहिला आधार अद्भुत रस हाच असणार. मंद प्रकाश, खच्चून भरलेली काचेची कपाटे, त्यांखालचे उघडता येणारे खण आणि जुन्या हस्ताक्षरातील बारीक चिठ्ठ्या या सर्वांमुळे त्या रसाचे उद्दीपन अगोदरच झालेले असते. फेरीतील एक आवडते स्थान म्हणजे ससेक्समधील होव्ह येथून १९१५ साली मिळालेली लहानशी चंदेरी बाटली. तिच्यात एक चेटकीण कोंडलेली असून ती बाहेर पडल्यास अनर्थ होईल, असे ती देणाऱ्या वृद्धेचे म्हणणे होते. या कथेवर प्रेक्षक हसतात. परंतु कुशल मार्गदर्शक त्या हास्याचा चांगला उपयोग करून घेऊ शकतो. कारण ही बाटली इंग्लंडची आहे आणि विसाव्या शतकातील आहे. 'त्यांच्या' श्रद्धा आणि 'आपले' ज्ञान अशी जी विभागणी प्रेक्षकाने मनाशी केलेली असते ती येथे ढासळते. प्रकारानुसारी मांडणीचा हा एक खरा गुण होय. देशवार मांडणीत ही बाटली दूरच्या एखाद्या इंग्रजी दालनात एकटी पडली असती. जनरलसाहेबांची व्यवस्था त्यांच्याच सिद्धान्ताविरुद्ध साक्ष देऊ शकते, आणि ती साक्ष काढून घेणे मार्गदर्शकाच्या कौशल्यावर अवलंबून असते.

याच अद्भुताची दुसरी बाजू संग्रहालयातील सर्वांत प्रसिद्ध कपाटापाशी दिसत असे. 'मृत शत्रूंना दिली जाणारी वागणूक' अशा आशयाच्या शीर्षकाखाली दक्षिण अमेरिकेतील शुआर व अचुआर लोकांची संकुचित केलेली मस्तके, म्हणजे 'त्सांत्सा', इतर समाजांकडून आलेल्या मस्तकांसह तेथे मांडलेली होती. पिढ्यान्‌पिढ्या शाळकरी मुले प्रथम तेच कपाट शोधीत. मस्तक कसे लहान केले जाई, याची कृती सांगितली जाई. आणि ती कृती चुकीची होती असे नाही. उणीव होती ती वेगळीच. युरोप-अमेरिकेतील हौशी लोक अशी मस्तके विकत घेऊ लागल्यावर ती विक्रीसाठी तयार होऊ लागली, त्यांत बनावट मस्तकांचाही भरणा झाला, हा अर्धा इतिहास त्या कृतीत बसत नव्हता. संकुचित मस्तकाच्या उत्पत्तीला जसा एक शुआर योद्धा कारण होता, तसा पुष्कळदा दूरचा एक ग्राहकही कारण होता. कृती सांगितल्याने योद्धा डोळ्यांपुढे उभा राही; ग्राहक मात्र काचेच्या अलीकडे, प्रेक्षकांच्या घोळक्यात, निनावी राहत असे.

२०२० साली संग्रहालयाने त्सांत्सांसह १२० मानवी अवशेष प्रदर्शनातून काढून घेतले. त्यांत नागा प्रदेशातून आलेली मस्तके आणि एका इजिप्शियन बालकाचे जतन केलेले शव यांचाही समावेश होता. हे प्रदर्शन पाहून परक्या समाजांविषयीचे 'रानटी', 'असंस्कृत' हे प्रेक्षकांचे पूर्वग्रह दूर होण्याऐवजी दृढच होतात, असे कारण संचालकांनी दिले. या निर्णयावर पुष्कळांनी नाराजी व्यक्त केली, आणि ती समजण्यासारखी आहे. लहानपणीचे आश्चर्य हिरावले गेले की मनुष्याला वाईट वाटतेच. परंतु साहित्यशास्त्राच्या दृष्टीने पाहता येथे एक सूक्ष्म रसदोष घडत होता. ज्याचा आलंबन विभाव एका मनुष्याचे मरण आहे तेथे शोक हा स्थायी भाव असावयास हवा. संग्रहालयाच्या योजनेने त्या ठिकाणी विस्मय आणि जुगुप्सा यांची स्थापना केली होती. मार्गदर्शक कितीही गंभीरपणे बोलला तरी कपाटाची योजना त्याच्यावर मात करीत असे. वाणीला आपल्या शब्दांनी न सुधारता येणारी अशी एक मर्यादा मांडणीत असते, हे या प्रकरणावरून ध्यानात येते.

४

वस्तूंच्या चिठ्ठ्यांची भाषा पाहिली म्हणजे मार्गदर्शकाच्या वाणीचे मूळ कळते. वस्तूचे नाव, स्थळ, वर्ष आणि ती गोळा करणाऱ्याचे वा देणाऱ्याचे नाव, एवढे पुष्कळ चिठ्ठ्यांवर आढळते. करणाऱ्याचे नाव क्वचित असते. ज्याच्या घरातून वस्तू निघाली त्याचे नाव त्याहूनही क्वचित असते. मार्गदर्शक या चिठ्ठीचा विस्तार करतो तेव्हा तिचे व्याकरणही नकळत उचलतो. 'ही वस्तू गोळा केली गेली', 'येथे आणली गेली' अशी ही वाक्यरचना आहे. मराठी व्याकरणकार हिला कर्मकर्तरी म्हणतात. तीत 'कडून' हा शब्द योजून कर्ता सांगता येतो. पण न सांगितला तरी वाक्य पूर्णच वाटते, आणि हीच तिची सोय आहे. याहूनही मोठी सोय अकर्मक क्रियापदात आहे. 'हा स्तंभ १९०१ साली ऑक्सफर्डला आला', असे म्हटले की स्तंभच वाक्याचा कर्ता होतो, जणू तो आपल्या पायांनी चालत आला. इंग्रजीतही वस्तू संग्रहालयात अशाच 'येत' असतात.

हे उदाहरण काल्पनिक नव्हे. प्रवेशद्वारातून आत शिरताच समोरच्या भिंतीशी सुमारे ११ मीटर उंचीचा जो देवदाराचा कोरीव कुलचिन्हस्तंभ दिसतो, तो कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील हैडा लोकांच्या मॅसेट या गावचा होय. १९०१ साली तो संग्रहालयाच्या मालकीचा झाला. मार्गदर्शकाने येथे थांबून कोरलेल्या आकृतींचा अर्थ सांगावा हे युक्तच आहे. परंतु आपल्या कुळाची चिन्हे ज्यावर कोरलेली आहेत असा घरापुढचा स्तंभ एखादा समाज विकू का देतो, हा प्रश्न उपस्थित न करता पुढे जाता येईल काय? १८६२ पासूनच्या देवीच्या साथीने हैडांची बहुसंख्य वस्ती नष्ट झाली होती. गावे ओस पडली होती. मिशनऱ्यांच्या दृष्टीने हे स्तंभ जुन्या धर्माचे अवशेष होते. ज्या पॉटलॅच समारंभांत अशा स्तंभांना अर्थ होता त्यांवर कॅनडाच्या सरकारने कायद्याने बंदी घातली, आणि ती १९५१ पर्यंत टिकली. तो कायदा १८८४ साली संमत झाला. पिट रिव्हर्स संग्रहालयाची स्थापनाही त्याच वर्षीची. एका सरकारने ज्या गोष्टी करणे गुन्हा ठरविले त्याच गोष्टींची साधने दुसऱ्या ठिकाणी शास्त्रासाठी जतन होत होती. 'आला' या क्रियापदाच्या पोटात हा सारा इतिहास दडलेला आहे. खरेदी झाली, पैसे दिले गेले, हे खरे. पण विकणाऱ्याला ज्या परिस्थितीने विकावयास लावले तिला वाक्यात स्थान मिळाल्याखेरीज ते वाक्य पूर्ण होत नाही.

भारतीय अभ्यासकाला या व्याकरणाचे दुसरे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. पिट रिव्हर्समधील नागा वस्तूंचा संग्रह जगातील सर्वांत मोठ्या नागा संग्रहांपैकी आहे. त्याचा मोठा भाग जे. एच. हटन आणि जे. पी. मिल्स या दोन प्रशासकांनी पाठविला. दोघेही विद्वान होते. हटन यांचे अंगामी व सेमा नागांवरील ग्रंथ (१९२१) आणि मिल्स यांचे ल्होटा (१९२२) व आओ (१९२६) नागांवरील ग्रंथ आजही अभ्यासावे लागतात. परंतु कर वसूल करणारा, न्यायनिवाडा करणारा, दंड ठोठावणारा आणि ढाल-भाले गोळा करणारा अधिकारी ही चार माणसे नव्हती. चिठ्ठीवर 'हटन' हे नाव असते तेव्हा त्यांतील फक्त चौथा वाचकास दिसतो. आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. ज्या बालफोर यांच्या हस्ताक्षरातील चिठ्ठ्या या संग्रहालयात आजही दिसतात, त्यांनी १९२२ साली नागा टेकड्यांचा दौरा केला, आणि तो हटन व मिल्स यांच्या सोबतीने. म्हणजे ज्यांनी पुढे प्रेक्षकांसाठी वाट आखली ते स्वतःही एका मार्गदर्शित फेरीतूनच गेले होते, आणि त्या फेरीचे मार्गदर्शक राज्यकर्ते होते. या क्रमाने पाहता संग्रहालयातील आजचा मार्गदर्शक हा एका लांब परंपरेतील शेवटचा वक्ता ठरतो.

५

या परंपरेत खंड पडू शकतो, आणि तो पडतो तेव्हा काय होते हे २०१७ च्या एका प्रसंगावरून दिसून आले. टांझानियातील मासाई समाजाचे एक कार्यकर्ते सॅम्वेल नांगिरिया त्या वर्षी पिट रिव्हर्स पाहावयास आले. कपाटांतील मासाई वस्तू पाहताना त्यांनी चिठ्ठ्यांवरील मजकुराविषयी प्रश्न उपस्थित केले आणि काही वस्तूंविषयी असे सांगितले की त्या तेथे असणेच शक्य नाही. त्यांत 'ओरकाटर' नावाचे एक कंकण होते. ते पित्याकडून पुत्राकडे जाते आणि कुळाची अखंडता दर्शविते. कोणताही मासाई मनुष्य ते स्वेच्छेने परक्याला देणार नाही. म्हणून ते ऑक्सफर्डला पोहोचले याचा अर्थ काहीतरी भयंकर घडले, असा त्यांचा निष्कर्ष होता. अशा पाच वस्तू पुढे निश्चित झाल्या. चिठ्ठीवर जी वस्तू केवळ 'दागिना' होती ती ऐकणाऱ्याच्या एका वाक्याने एका मृत्यूची साक्षीदार झाली.

या प्रसंगाचे महत्त्व वस्तूंच्या मालकीपुरते नाही. मार्गदर्शित फेरीचा मूळ संकेत असा की ज्याच्याविषयी बोलावयाचे तो अनुपस्थित असतो. येथे तो उपस्थित झाला, आणि तोही माहिती देणारा साधन-पुरुष म्हणून नव्हे, तर फेरीचा श्रोता म्हणून. वक्ता आणि श्रोता यांची अदलाबदल होताच संहिता बदलली. संशोधनाच्या दृष्टीनेही येथे एक कठीण प्रश्न उद्भवतो. २०२० साली आलेल्या मासाई मंडळात एक लायबोन, म्हणजे धर्मप्रमुख व भविष्यवेत्ता, होता. त्याने आपल्या परंपरेतील कौलाच्या विधीने त्या वस्तू कशा गेल्या असतील याचा शोध घेतला. इतिहासशास्त्राच्या नियमांप्रमाणे हा पुरावा मानता येणार नाही, असे म्हणणारास सहज दोष देता येत नाही. परंतु त्याच नियमांप्रमाणे संग्रहालयाची नोंदवही तरी काय सांगते, असेही विचारावे लागेल. जी नोंदवही वस्तू कोणाकडून व कशी घेतली याविषयी मौन पाळते तिचे मौन निर्दोषतेचा पुरावा ठरत नाही. मार्गदर्शकाने या दोन्ही गोष्टी श्रोत्यांपुढे ठेवाव्यात. निर्णय देण्याची घाई त्याने करू नये, आणि प्रश्न टाळूही नये.

हैडांच्या बाबतीत हा खंड अधिक शांतपणे पडला. २००९ साली हैडांचे एक प्रतिनिधिमंडळ ऑक्सफर्डला येऊन गेले. दुसऱ्या वर्षी त्यांच्या एका पूर्वजाचे अवशेष स्वगृही परतले. २०१४ साली ग्वाय आणि जालेन एडनशॉ हे दोघे हैडा शिल्पी-बंधू संग्रहालयातील एका जुन्या कोरीव पेटीची प्रतिकृती तिच्यासमोर बसूनच घडवीत होते. त्या काळात संग्रहालयात आलेल्या प्रेक्षकांना कोणत्याही निरूपणाविना एक गोष्ट समजली असेल : ज्यांची कला भूतकाळात जमा झाली असे मांडणी सुचविते, ते लोक पेटीवर वाकून रेषा मोजीत आहेत. नागांशीही संग्रहालयाची बोलणी २०२० पासून सुरू झाली, आणि जून २०२५ मध्ये नागा समाजांचे प्रतिनिधी आपल्या पूर्वजांच्या अवशेषांच्या परतीसंबंधी विचार करण्यासाठी ऑक्सफर्डला गेले. १९२२ च्या बालफोर यांच्या फेरीला एका शतकानंतर मिळालेले हे उलट दिशेचे उत्तर होय.

६

यावरून असे अनुमान काढण्याचा मोह होतो की प्रत्येक समाजाविषयी त्या समाजातील मनुष्यानेच बोलावे, म्हणजे प्रश्न सुटला. या दिशेने झालेले प्रयोग महत्त्वाचे आहेत. बर्लिनमध्ये २०१५ च्या अखेरीस सुरू झालेल्या 'मुलतका' उपक्रमात सीरिया व इराक येथून आलेल्या निर्वासितांना मार्गदर्शकाचे शिक्षण देण्यात आले आणि ते आपल्या देशबांधवांना अरबी भाषेतून संग्रहालये दाखवू लागले. या अरबी शब्दाचा अर्थ 'भेटीची जागा' असा आहे. त्यापासून स्फूर्ती घेऊन ऑक्सफर्डमध्येही तसाच उपक्रम निघाला व पिट रिव्हर्स त्यात सहभागी झाले. भारतात भोपाळच्या शामला टेकड्यांवर सुमारे २०० एकरांत वसलेल्या राष्ट्रीय मानव संग्रहालयाने (स्थापना १९७७) वस्तूंची कपाटे ओलांडून, त्या त्या समाजाच्या कारागिरांकडून उघड्यावर घरे बांधवून घेतली. परंतु घर बांधणारा आपल्या गावी परतल्यावर त्या घराविषयी बोलण्याची जबाबदारी पुन्हा मार्गदर्शकावरच येते. जगातील प्रत्येक समाजाचा मनुष्य प्रत्येक दालनात उभा करता येणार नाही. शिवाय जन्माने एखाद्या समाजाचा असणे म्हणजे त्या समाजाच्या सर्व घरांच्या वतीने बोलण्याचा अधिकार मिळणे, असेही नाही. वक्ता कोण हा प्रश्न महत्त्वाचा खरा. पण त्याने वाक्य कसे रचले हा प्रश्न त्यामुळे रद्द होत नाही.

दुसऱ्या एका टोकाचाही विचार केला पाहिजे. अलीकडे जुन्या स्तुतिपर निरूपणाच्या जागी केवळ आरोपांची मालिका वाचणारे निरूपण कोठे कोठे ऐकू येते. त्यात प्रत्येक वस्तू लुटीचा मुद्देमाल असते आणि प्रत्येक विरामस्थानी संग्राहकाचा निषेध होतो. असे निरूपण लुप्त कर्त्याला वाक्यात परत आणते, हे त्याचे श्रेय मान्य केलेच पाहिजे. तथापि त्यात परत येतो तो बहुधा एकच कर्ता : नेणारा. जनरलसाहेब पूर्वी नायक होते ते आता प्रतिनायक झाले. रंगमंच त्यांच्याकडेच राहिला. ज्या हातांनी ढाल विणली, ज्या सुताराने होडीचा तळ तासला, त्यांचे कौशल्य, त्यांची विनोदबुद्धी, त्यांची सौंदर्यदृष्टी यांना पहिल्या निरूपणात जितकी जागा नव्हती तितकीच या दुसऱ्यातही राहत नाही. पुष्कळ वस्तू खुषीने दिलेल्या, रीतसर विकलेल्या किंवा विक्रीसाठीच घडविलेल्याही असतात. त्या देणाऱ्यांना केवळ बळी ठरविणे म्हणजे त्यांचे कर्तृत्व पुन्हा एकदा नाकारणेच होय.

तेव्हा मार्गदर्शित फेरीचे मूल्यमापन करताना एक निकष पुरेसा व्हावा. प्रत्येक वस्तूला निदान तीन क्रियापदे लागतात : ती कोणी केली, ती कोणी दिली किंवा कोणाकडून घेतली गेली, आणि ती कोणी येथे मांडली. या तिन्ही क्रियापदांचे कर्ते, जेवढे ज्ञात असतील तेवढे, ज्या निरूपणात येतात, आणि जेथे ते अज्ञात असतील तेथे त्यांच्या नसण्याचीही स्पष्ट नोंद होते, ते निरूपण रचना म्हणून चांगले म्हणावे. केवळ पहिल्याचा गौरव करणारे निरूपण भाबडे राहील. केवळ दुसऱ्याविषयी बोलणारे एकांगी होईल. आणि तिसऱ्याविषयी न बोलणारे संग्रहालयालाच निसर्गासारखी आपोआप घडलेली वस्तू मानील. मानवशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा निकष संग्रहालयाबाहेरही उपयोगी पडेल, कारण क्षेत्रकार्याचे अहवाल, जमातींची वर्णने आणि प्रबंध यांतही माहिती 'मिळते' आणि चालीरीती 'आढळतात'. ज्याच्या ओसरीवर बसून ती मिळाली त्याचे नाव तेथेही पुष्कळदा गळलेले असते.

पिट रिव्हर्समधील फेरी संपली की प्रेक्षकाला आल्या वाटेनेच परतावे लागते. त्याच दारातून, त्याच सांगाड्यांच्या रांगेतून. वास्तू आपले पहिले वाक्य त्याला पुन्हा एकदा ऐकविते. फेरीच्या तासाभरात मार्गदर्शक कसे बोलला याची खरी कसोटी त्या क्षणी लागते. मागच्या दालनातील माणसे त्याच रांगेच्या टोकाला उभी आहेत असे परतणाऱ्याला अजूनही वाटत असेल, तर सांगितलेली सर्व माहिती बिनचूक असूनही ती फेरी फसली असे म्हणावे लागेल.